बावीसचा पाना



गाडीच्या स्टिअरिंगसमोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की आमच्या भागात पहिला सल्ला ठरलेला असतो : "चाचा, गाडी चालते ना? मंग चालू द्या!" गाडी चालते हे खरंच. पण कशावर चालते, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

तो मांडून पाहू. माझ्या भाच्याकडे जुनी पेट्रोल गाडी आहे. तिच्यातूनच आपाला, म्हणजे त्याच्या आईला, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मोझरीहून अमरावतीला न्यावं लागतं. जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. लिटरला सतरा देणारी गाडी बारावर आली. म्हणजे आठवड्याला साडेतीन लिटर, महिन्याला चौदा-पंधरा लिटर पेट्रोल जादा. शंभरावरच्या भावाने हा पैसा औषधांच्या पैशातूनच जातो. शिवाय वाटेत गाडी अडली, तर आपाची पाळी चुकणार.

दोष निघाला तो ऑक्सिजन सेन्सरचा. अंगठ्याएवढी वस्तू, दिसायला स्पार्क प्लगची चुलत बहीण. ती धुराच्या नळीत बसते. तिच्यात झिर्कोनिया नावाची सिरॅमिक असते. एका बाजूला इंजिनाचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या फरकावरून ती वीज निर्माण करते. पेट्रोल जास्त झालं तर साधारण ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली तर ०.१. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण गाडीचा कॉम्प्युटर या इवल्याशा विजेवरून सांभाळतो. म्हणून अभियंते तिला लॅम्डा सेन्सर म्हणतात. ग्रीक बाराखडीतलं अक्षर धुराच्या नळीत येऊन बसलं, याचं आम्हा शायर मंडळींना फार कौतुक!

बॉश कंपनीचा हा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा आला. शिसं त्याचं विष. आपल्याकडे २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, तेव्हा कुठे त्याची वाट मोकळी झाली. आज पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे सेन्सरचं काम वाढलंच. तो बिघडून 'हवाच जास्त आहे' असं खोटं सांगत राहिला, की कॉम्प्युटर पेट्रोल ओतत राहतो. सायलेन्सरला काजळी धरते आणि पुढे धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर जळतो. तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग.

मात्र दिवा लागला म्हणून लगेच सेन्सर विकत आणू नका. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं कोड वाचणारं लहानसं यंत्र मिळतं. 'पी ०१३५' आला तर सेन्सरच्या हीटरची शंका घ्यावी. सेन्सर तीनेकशे अंश तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून आत हीटर असतो आणि पुष्कळदा तोच जातो. मल्टिमीटरने हीटरच्या दोन तारा तपासा. बहुतेक चार तारांच्या सेन्सरमध्ये या दोन एकाच रंगाच्या असतात. काही ओहम दाखवले तर ठीक, काहीच दाखवलं नाही तर हीटर गेला. पण आधी फ्यूज पाहा, वायरही पाहा. गोठ्याशेजारी उभ्या गाडीची वायर उंदराने कुरतडली असेल, तर नवा सेन्सर काय करणार? धुराची नळी फुटली असली, तरी सेन्सर चुकीचंच सांगतो.

आता बदलण्याचं काम. सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना दगड. खाली शिरायचं असेल तर गाडी पक्क्या घोडीवर हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही, कितीही घाई असली तरी, खाली जाऊ नये. अनेक गाड्यांत पहिला सेन्सर बॉनेट उघडून वरूनच हाताशी येतो. इंजिन कोमट असावं. गरम नळीने हात भाजतो, थंड नळीत आटे जाम होतात. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, प्लगचं कुलूप दाबून प्लग सोडवा, वायर ओढू नका. आट्यांवर गंज सोडवणारं तेल टाकून थोडा वेळ थांबा. मग बावीसचा पाना. फिरत नसेल तर तिथेच थांबून मिस्त्रीकडे जा. आटे गेले, तर वेल्डिंगचा खर्च अंगावर येतो. त्यात कमीपणा काही नाही. मिस्त्रीचा हात वर्षानुवर्षांचा असतो.

नवा सेन्सर गाडीच्या मॉडेलचाच घ्या. टोकाला तेल, ग्रीस किंवा बोट लागू देऊ नका. पहिले दोन-तीन आटे हातानेच बसवा, मग पुस्तिकेत दिलेल्या जोराइतकंच आवळा. वायर नळीपासून लांब बांधा. जवळपास सिलिकॉनचं सीलंट वापरू नका, त्याच्या वाफेनेही सेन्सर मरतो. हातून फरशीवर पडलेला सेन्सर बसवू नये, आतली सिरॅमिक तडकलेली असू शकते.

राष्ट्रसंतांनी १९३५ साली जिथे आश्रम उभारला, त्या गावात हाताने काम करण्याची थोरवी मी काय सांगावी! भाच्याचं काम दीड तासात झालं, त्यातला तासभर आटे सुटायची वाट पाहण्यात गेला.

कोड पुसला, दिवा विझला. पण खरी परीक्षा दिव्याची नाही, टाकीची. टाकी काठोकाठ भरून किलोमीटर लिहून ठेवा, पुन्हा भरताना भागाकार करा. भाच्याच्या गाडीने दुसऱ्या टाकीला सोळा दिले. सतरा अजून नाहीत. एअर फिल्टर बदलायचा राहिला आहे, तो येत्या रविवारी.