नकाशा आणि गोंडी



एखादी भाषा अल्पसंख्य असते ती तिचे बोलणारे थोडे म्हणून, असा आपला सर्वांचा समज असतो. पुष्कळदा तिला अल्पसंख्य करतो तो नकाशा! गोंडीचेच पाहा ना. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख माणसांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली. त्याच जनगणनेत संस्कृत सांगणारे २४,८२१ होते. संस्कृतविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत संस्कृत आहे आणि गोंडी नाही, हेही नमूद करावयास हवे.

गढामंडला, देवगड, चांदा येथे गोंडांची राज्ये नांदली. १९५६ साली प्रांतांची पुनर्रचना झाली तेव्हा चांदा मराठी म्हणून मुंबई राज्यात आला, मंडला आणि बस्तर मध्य प्रदेशात राहिले, आदिलाबाद आंध्रात गेला. (पुढे २००० मध्ये छत्तीसगड व २०१४ मध्ये तेलंगण निघाल्यावर आणखी वाटण्या झाल्या.) मराठी, हिंदी, तेलुगू यांचा हिशेब मिटला. गोंडीचा हिशेब कोणी मांडलाच नव्हता, मग तो मिटणार कसा?

आता कायद्याची मेख पाहा. संविधानाच्या ३४७ व्या कलमान्वये एखाद्या भाषेला राज्यात मान्यता हवी असेल, तर त्या राज्याच्या लोकसंख्येच्या भरीव भागाने तशी मागणी करावी लागते. मोजमापाचे एकक राज्य! अर्थात ज्यांचा मुलूख चार-पाच राज्यांत विभागला, ते प्रत्येक ठिकाणी मूठभरच ठरणार. रेषा आधी आखावयाची आणि मग तिच्या आतली डोकी मोजावयाची, असा हा प्रकार आहे.

कोणी म्हणेल, संथाळीही अनेक राज्यांत विभागलेली आहे, तिला २००३ च्या घटनादुरुस्तीने स्थान मिळालेच की! खरे आहे. पण संथाळीपाशी रघुनाथ मुर्मू यांनी घडविलेली ओल चिकी लिपी होती. गोंडी मात्र इकडे देवनागरीत लिहिली जाते, तिकडे तेलुगू लिपीत. शिवाय तिच्या स्वतःच्या म्हणून दोन लिप्या आहेत त्या वेगळ्याच. भामरागडची माडिया बोली आणि मंडल्याची गोंडी यांत मुळातच अंतर आहे. त्यात शाळेतून एकीकडे मराठी शब्द शिरतात, दुसरीकडे हिंदी, तिसरीकडे तेलुगू, आणि ते अंतर वाढतच जाते. मग आपणच म्हणावयाचे, की यांची प्रमाणभाषा कुठे आहे?

बेळगावच्या मराठी मुलाला मराठी शाळा मिळावी, त्याच्या बापाला सरकारी कागद मराठीत मिळावा, म्हणून आपण कंठशोष करतो. ती मागणी न्याय्यच आहे आणि आम्ही तिच्या बाजूचे आहोत. परंतु सिरोंच्याच्या किंवा एटापल्लीच्या गोंड बापाने हेच शब्द उच्चारले तर त्याला आपण काय उत्तर देणार? तेथे रेषेच्या जोरकस बाजूला उभे आहोत ते आपण.

याकरिता सीमा हलवावयास नको, की दिल्लीच्या अनुसूचीची वाट पाहावयास नको. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ३५० अ हे कलम १९५६ पासून सांगत आले आहे. बेळगावसाठी आपण त्याच कलमाचा आधार घेतो. गडचिरोलीला ते लागू करणे मात्र मुंबईच्या हातात आहे, आणि मुंबईत सरकार बसते ते आपल्या मतांवर.