सहा बाजूंचा कंदील

दिवाळीत आकाशकंदील दारावर उंच टांगावा, ही आपली जुनी रीत आहे. तो दिवा पितरांना वाट दाखवितो, अशी त्यामागे समजूत. आज मी ज्या कंदिलाविषयी बोलणार आहे तो मात्र दारावरचा नव्हे. तो घरात, फराळाच्या ताटांच्या मधोमध ठेवावयाचा आहे. तो कागदाचा आहे आणि त्याच्या सहा बाजूंना आपल्याच घराण्यातील सहा माणसे बसवावयाची आहेत.

कृती अवघड नाही. जाड कार्डपेपरची ६२ सेंटिमीटर लांब व १८ सेंटिमीटर रुंद अशी पट्टी कापून घ्यावी. दर १० सेंटिमीटरांवर शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ ओढून घडी घालावी, म्हणजे कागद सरळ मुडपतो. सहा बाजू होऊन २ सेंटिमीटर उरतात, ते जोडासाठी. प्रत्येक बाजूत ७ सेंटिमीटर रुंद व ११ सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापावी, आतून चित्र लावावे, आणि मगच जोड चिकटवावा. वरच्या कडेला पतंगाच्या कागदाची झालर हवी तर लावावी. आत पणती ठेवू नये. बॅटरीवरचा लहानसा दिवा पुरे.

चित्रांविषयी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. जुन्या मूळ छायाचित्राला कात्री किंवा खळ कधीही लावू नये. त्याची प्रत साध्या पांढऱ्या कागदावर काढून घ्यावी. कागद पातळ असल्यामुळे आतला दिवा लागला की चेहरा उजळून येतो. मूळ चित्र पुन्हा पेटीत जावे. पण जाण्यापूर्वी त्याच्या पाठीमागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नाव लिहावे. बॉलपेनची शाई कालांतराने पुढे उमटण्याची भीती असते.

नाव लिहावयास बसले की खरे काम सुरू होते. मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ साली स्थापन झाली. पुढे ही कला हळूहळू आपल्या मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. त्या काळचे कुटुंबाचे एखादे चित्र आपणही पाहिले असेल. पुरुष खुर्च्यांवर, मुले पुढे सतरंजीवर, आणि बायका मागे पदर सावरून उभ्या. खुर्च्यांवरच्या मंडळींची नावे, हुद्दे, गावे आपणांस सांगता येतात. मागच्या रांगेविषयी विचारले, तर ‘ही अमक्यांची आई’, ‘ही तमक्यांची काकू’ एवढेच उत्तर मिळते.

याला कारणही आहे. आपल्याकडे विवाहात वधूचे नाव बदलण्याची चाल होती, आणि काही घरांत ती अजूनही आहे. ताटातल्या तांदळांत नवे नाव लिहिले जाई, आणि ज्या नावाने ती बारा-पंधरा वर्षे वाढली ते नाव माहेरीच राही. म्हणून माझी सूचना अशी की, कंदिलावरील प्रत्येक स्त्रीच्या चित्राखाली दोन्ही नावे लिहावीत, माहेरचे आणि सासरचे.

माझ्या पणजीचे तर छायाचित्रच नाही. तिचे माहेरचे नाव आमच्या घरात एकट्या आत्याला ठाऊक होते. आत्याचे वय ब्याऐंशी, राहणे बडोद्याला. तिला दूरध्वनीवर विचारले तेव्हा नाव तर तिने सांगितलेच, पण आणखीही एक गोष्ट सांगितली. पणजीला त्या नावाने हाक मारणारा एकच मनुष्य उरला होता, तिचा भाऊ. तो वर्षातून एकदा, भाऊबिजेला येई. त्याच्या मागे ती हाक घरात कोणी ऐकली नाही.

आमच्या कंदिलाच्या सहाव्या खिडकीत म्हणूनच चित्र नाही. तेथे कोरा कागद असून त्यावर शाईने लिहिलेली दोन नावे आहेत. मुले इतर पाच चेहऱ्यांकडे पाहतात. पण प्रश्न विचारतात ते या खिडकीविषयी.

आपल्यापैकी पुष्कळजण नोकरीधंद्यासाठी इंदूर, दिल्ली, कोलकाता, बंगळूर अशा ठिकाणी राहतात. बदलीच्या नोकरीत सामान दर वेळी थोडे कमी करावे लागते, याचा मलाही अनुभव आहे. हा कंदील मात्र दाबला की चपटा होतो आणि दोन पुस्तकांच्या मध्ये मावतो. आपल्या भ्रमणध्वनीत हजारो चित्रे असतील. परंतु त्यांतील माणसे कोण, हे सांगणारी वडील मंडळी फार थोडी उरली आहेत.

तेव्हा कार्डपेपर दिवाळीच्या आदल्या दिवशी आणला तरी चालेल. आत्याला, मावशीला, आजीला विचारण्याचे काम मात्र आजच करावे. त्याला दिवाळीची वाट पाहू नये.