वारा एकीकडून, लाट दुसरीकडून
(शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो, सकाळपासून कायद्यावर, हिंसेवर बोलणं झालं. आता मी शिडाच्या होडीवर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. हसा. पण 'समुद्र म्हणजे ताकदीचं काम, बायकांचं नव्हे' हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ते काम नेमकं असतं काय, एवढंच मला सांगायचंय.

१० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून 'तारिणी' निघाली. गोव्यातच बांधलेली, सुमारे सतरा मीटर लांबीची होडी. तिच्यावर नौदलातल्या सहा अधिकारी स्त्रिया, तांडेल वर्तिका जोशी. पृथ्वीप्रदक्षिणा करून त्या २१ मे २०१८ ला परत आल्या. सगळं मिळून २१,६०० सागरी मैल.

नकाशावर दोन बंदरांमध्ये पट्टीनं रेघ ओढता येते, तशी होडी हाकता येत नाही. वाऱ्याच्या तोंडावर शीड चालतच नाही. साधारण पंचेचाळीस अंश बाजूला राहून नागमोडी जावं लागतं. बरं, वारा पाठीमागून असला तर सोपं? मलाही तसंच वाटायचं. मुंबई बंदरात पहिल्यांदा सुकाणू हातात आलं तेव्हा वारा बरोब्बर पाठीशी घेऊन मी खुशीत होते. तो जरासा सरकला आणि शिडाखालचं आडवं दांडकं डोक्यावरून सणकन पलीकडे गेलं. वाकले म्हणून वाचले.

न्यूझीलंडहून केप हॉर्नकडे जाताना हेच प्रचंड प्रमाणावर होतं. जायचं आग्नेयेला आणि वारा वायव्येचा, म्हणजे थेट पाठीमागून. तेव्हा मुद्दाम वीस-तीस अंश बाजूला वळून जायचं. मैल वाढतात, वाढू द्यायचे. मग कमी दाबाचा पट्टा पुढे सरकतो आणि थोड्या वेळात वारा नैर्ऋत्येचा होतो. लाटा मात्र अशा वळत नाहीत. तिथे त्यांना अडवायला जमीनच नाही. शेकडो मैलांवरच्या जुन्या वादळाची लाट चालत येतच राहते. आता वारा एका बाजूनं, जुनी लाट दुसऱ्या बाजूनं. नुसता वारा बघून दिशा धरली तर लाट होडीची मागची बाजू उचलते, नाळ खाली खुपसते, सुकाणूची पकड सुटते आणि होडी आडवी होते. आडव्या होडीवर पुढची लाट कोसळली तर ती उलटू शकते. म्हणून शीड कमी करायचं, लाट तिरकी मागच्या कोपऱ्यावर घ्यायची आणि जुनी लाट बसेपर्यंत जायचंय त्या दिशेपासून थोडं दूरच जात राहायचं. चार-चार तास, अंधारात, लाट दिसत नसताना पायांना कळेल तशी. यात दंडाची ताकद किती लागते, तुम्हीच ठरवा.

पॅसिफिकमध्ये 'तारिणी'ला ताशी शंभर किलोमीटरहून जोराचे वारे लागले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी केप हॉर्न ओलांडलं.

आता गंमत बघा. नौदलानं स्त्री अधिकारी घेतल्या १९९२ पासून. पण या सहाजणी हॉर्न ओलांडत होत्या तेव्हाही नौदलाच्या बहुतेक शाखांत स्त्रियांना कायम कमिशन नव्हतं. काहीजणी कोर्टात गेल्या होत्या. सरकारतर्फे जी कारणं मांडली गेली त्यात एक असं होतं की, रशियन बनावटीच्या काही जहाजांवर बायकांसाठी स्वच्छतागृहं नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही. १७ मार्च २०२० ला निकाल स्त्रियांच्या बाजूनं लागला.

त्यानंतर २ ऑक्टोबर २०२४ ला 'तारिणी' पुन्हा निघाली. या वेळी दोघीच, दिलना के. आणि रूपा ए. एक झोपली की दुसरीनं जागायचं, असे आठ महिने. मे २०२५ मध्ये गोव्याला परतल्या.

मघाशी मागून कुणीतरी हळूच विचारलं, होडीवर संडास असतो का? असतो. सतरा मीटरच्या होडीवर असतो.