दूरचे कार्य आणि घरचे आजारपण

महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना दक्षिणेकडे धावत येते, हेळवाकपाशी एकाएकी पूर्वेस वळते आणि पाटणवरून पुढे जाऊन कराडास कृष्णेला मिळते. ह्या खोऱ्याला माणसे दूर जाण्याची सवय फार जुनी आहे. पाटणच्या आसपासच्या पुष्कळ घरांतील कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस किंवा पलटणीत गेले. मागे वृद्ध आईबाप, पत्नी आणि लहान मुले राहिली. मनिऑर्डर येई, पत्र येई. परंतु घरात कोणी अंथरुणास खिळले म्हणजे पैशाने आणि पत्राने भरून न निघणारी उणीव जाणवू लागे. पोटासाठी गेलेल्या माणसाला निदान एक समाधान असते, की आपण घरासाठीच घर सोडले. पण जो मनुष्य एखाद्या ध्येयासाठी, सेवेसाठी किंवा श्रद्धेसाठी घर सोडतो, त्याने घरच्या आजारपणाला काय उत्तर द्यावे?

हा प्रश्न ज्यांना अत्यंत तीव्रतेने सोसावा लागला असे काही लोक ह्याच कृष्णाकाठी येऊन राहिले होते. अमेरिकन मिशनने १८४९ साली सातारा येथे आपले ठाणे घातले, १८५२ साली कोल्हापुरात काम सुरू झाले आणि पुढे सांगली, मिरज, इस्लामपूर ह्या गावीही मिशनची माणसे राहू लागली. त्यांची धर्ममते कोणास पटोत वा न पटोत. समुद्रापलीकडे आईबाप ठेवून आलेली आणि येथे आपली मुले आजारात गमावणारी ती माणसेच होती. त्यांच्या चरित्रांत व्याख्याने आणि शाळा ह्यांच्या हकिगती पुष्कळ सापडतात. पण त्या हकिगतींच्या कडेला आजारपणाची एक दुसरीच कहाणी चाललेली असते.

त्या कहाणीचा आरंभ मुंबईत झाला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे पहिले अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. त्यांचे सहकारी सॅम्युअल न्यूएल ह्यांची पत्नी हॅरिएट तत्पूर्वीच, १८१२ च्या नोव्हेंबरात, मॉरिशस बेटावर वारली होती. तिचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते, आणि तिची तान्ही मुलगी तिच्याआधीच समुद्रावर गेली होती. नॉट ह्यांना प्रकृतीने साथ दिली नाही, म्हणून ते १८१५ साली पत्नीसह स्वदेशी परतले. न्यूएल १८२१ साली पटकीने मुंबईतच निवर्तले. आरंभीच्या ह्या मंडळींत बराच काळ टिकून राहिले ते हॉल.

हॉल ह्यांनी १८१६ साली मुंबईत मार्गारेट लुईस ह्या इंग्रज स्त्रीशी विवाह केला. मुले झाली, त्यांतली काही गेली. उरलेल्या दोन मुलांनाही येथील हवा मानवेना, तेव्हा १८२५ साली आईने त्यांना घेऊन अमेरिकेस जावे आणि वडिलांनी कामावर राहावे असे ठरले. त्या काळी सुवेझचा कालवा नव्हता. शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून जाण्यास कित्येक महिने लागत. त्या वाटेवर एक मुलगा समुद्रावरच दगावला. इकडे १८२६ च्या मार्चात हॉल नाशिककडे फिरतीवर गेले. त्या भागात पटकीची साथ होती. जवळची औषधे त्यांनी वाटली, आणि परतताना वाटेतल्या एका खेड्यात त्यांना स्वतःलाच पटकीने गाठले. २० मार्च रोजी त्यांचा अंत झाला, तेव्हा घरचे कोणीही माणूस उशाशी नव्हते. ज्या मराठी नव्या करारासाठी ते आणि त्यांचे सहकारी झटले, तो त्याच वर्षी छापून पुरा झाला.

ह्या हकिगतीत कोणाला दोष द्यावा? पत्नीने मुलांना घेऊन जाणे योग्य होते; पतीने हातचे काम न टाकणेही त्याच्या दृष्टीने योग्य होते. दोन्ही कर्तव्ये खरी होती आणि ती एकाच वेळी एका ठिकाणी पाळता येण्याजोगी नव्हती. म्हणून अशा प्रसंगी ‘समतोल’ हा शब्द फसवा ठरतो. तराजूत घालून तोलता येतात ते समान जातीचे जिन्नस. आजारी मुलाचा ताप आणि हजार कोसांवरचे कार्य ह्यांना एक माप लागत नाही. कोणतीही निवड केली तरी काही तरी उणे राहणारच, हे आधीच मान्य करणे हा त्यातल्या त्यात प्रामाणिकपणा होय.

मग निवड करणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही काय? उरते, आणि ते कशात आहे हे कोल्हापूर व इस्लामपूर येथील वाइल्डर कुटुंबाच्या वृत्तांतावरून चांगले ध्यानात येते.

रॉयल गोल्ड वाइल्डर १८४६ साली पत्नी एलायझा हिच्यासह अहमदनगरास आले आणि १८५२ साली कोल्हापुरास गेले. त्यांनी तेथे शाळा काढल्या. सुमारे पाच वर्षांनी प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना अमेरिकेस परतावे लागले. शाळांच्या धोरणावरून त्यांचे आणि त्यांना पाठवणाऱ्या मंडळाचे मतभेद होतेच. त्यात कोल्हापूरचे ठाणे बंद करावे असे मंडळाने ठरवले. एका माणसाचे आरोग्य बिघडले आणि एका गावातले सारे कार्य डळमळू लागले! वाइल्डर स्वस्थ बसले नाहीत; मंडळाच्या आश्रयावाचून ते १८६१ साली पुनः कोल्हापुरास आले, आणि पुढे १८७० च्या सुमारास प्रेस्बिटेरियन मिशनने ते काम आपल्याकडे घेतले. त्यांचा मुलगा रॉबर्ट ह्याचा जन्म १८६३ सालचा, कोल्हापूरचाच. १८७५ च्या सुमारास पुनः आजारपणानेच ह्या कुटुंबाला अमेरिकेची वाट धरावयास लावली. तेथे प्रिन्स्टन गावी राहून रॉयल वाइल्डर ह्यांनी १८७८ पासून मिशनकार्याला वाहिलेले एक मासिक चालवले.

ह्यानंतरचा प्रसंग विशेष विचार करण्यासारखा आहे. १८८६ साली रॉबर्ट नुकताच पदवीधर झाला होता. परदेशी मिशनकार्यास तरुण मिळावेत म्हणून अमेरिकेतील महाविद्यालयांतून वर्षभर दौरा करण्याचे काम त्याच्याकडे आले. इकडे घरी वडील अत्यंत आजारी. आपण गेलो आणि मागे त्यांचे बरेवाईट झाले तर काय, ह्या विचाराने त्याचा पाय निघेना. तेव्हा त्याला मोकळे केले ते स्वतः वडिलांनीच. माझ्यासाठी थांबू नकोस असे त्यांनी त्याला बजावले. रॉबर्ट आणि त्याचा सहकारी जॉन फोरमन ह्यांनी त्या वर्षात दीडशेहून अधिक विद्यालयांना भेटी दिल्या, आणि दोन हजारांहून अधिक तरुणतरुणींनी परदेशी जाण्याची तयारी दर्शवली. तो दौरा आटोपल्यावर, १८८७ च्या ऑक्टोबरात वडील वारले.

वडिलांनी नको म्हटले असते तर रॉबर्टने काय केले असते, हा तर्काचा विषय आहे. महत्त्वाचे हे, की निर्णय रुग्णाला वगळून झाला नाही. पुष्कळ घरांत ह्याच्या उलट घडते. आजारी माणसाच्या भोवती बसून त्याच्याविषयी सारे बोलतात. त्याच्याशी कोणी बोलत नाही. जाणारा आपल्या मनाशी झुंजतो, राहणारे आपला राग गिळतात, आणि ज्याच्या आजारामुळे हा सगळा प्रश्न उभा राहिला त्याला काय हवे आहे हे विचारण्याचे राहूनच जाते. कदाचित तो ‘जा’ म्हणेल, कदाचित ‘दोन महिने थांब’ म्हणेल. पण त्याच्या तोंडून आलेला शब्द जाणाऱ्याला पुढे जन्मभर पुरतो. न विचारता घेतलेली मोकळीक मात्र पायांत बेडीसारखी वाजत राहते.

रॉबर्टची बहीण ग्रेस हिने ह्याच प्रश्नाला निराळे उत्तर दिले. तिलाही भारतात येऊन काम करावयाचे होते, आणि पतीच्या मृत्यूनंतर एकट्या पडलेल्या आईचा भार तिच्यावर होता. आई की कार्य असा पेच तिने राहूच दिला नाही. वडील गेल्यावर लवकरच ती आईला बरोबर घेऊन भारतात आली. त्या वृद्ध आईला भारत परका नव्हता. तिचे तारुण्य आणि संसार कोल्हापुरातच गेला होता. पुढे मायलेकी इस्लामपूरला राहिल्या. १९१० साली आई तेथे निवर्तली आणि दुसऱ्याच वर्षी ग्रेसही गेली.

रॉबर्टची गोष्ट येथे उलटी फिरते. भारतात येऊन त्याने काम केले खरे, पण १९०२ साली त्याच्याच प्रकृतीने त्याला हा देश सोडावयास लावले. त्यामुळे आई इस्लामपुरात अखेरचे दिवस मोजत होती त्या काळात मुलाचे कार्य युरोपात चालले होते. ज्याने हजारो तरुणांना घर सोडून भारतादी देशांत जाण्यास प्रवृत्त केले, त्याचे स्वतःचे घर, म्हणजे आई जेथे होती ते घर, भारतातच राहिले आणि तो दूर राहिला. त्या घरी आईच्या सोबतीला ग्रेस होती. मोठ्या चळवळींच्या इतिहासात रॉबर्टचे नाव ठळक छापले जाते. इस्लामपुरात आईच्या जवळ राहून आपलेही काम करणाऱ्या ग्रेसचे नाव एखाद्या ओळीत येऊन जाते. परंतु एक दूर जाऊ शकतो तो दुसरे कोणी जवळ राहते म्हणून. जाणाऱ्याच्या कार्यात राहणाऱ्याचा वाटा अर्धा असतो, आणि बहुधा ते राहणारे माणूस म्हणजे घरातील मुलगी, सून किंवा पत्नी असते. तिच्या श्रमाला कार्य म्हणावयाचे नाही आणि त्याच्या प्रवासाला मात्र म्हणावयाचे, हा न्याय नव्हे.

आणखी एक गोष्ट मिरजेकडे पाहिल्यावर सुचते. डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ साली भारतात आले. १८९४ साली मिरजेत त्यांचे रुग्णालय सुरू झाले, आणि १८९७ साली त्यांनी त्याला जोडून वैद्यकीय शिक्षण देणारी शाळा काढली. कृष्णेच्या खोऱ्यातील दुखणाईतांना मिरजेचा रस्ता माहीत झाला तो तेव्हापासून. पण ह्या दोन सालांत अधिक महत्त्वाचे कोणते हे ठरवावयाचे झाल्यास १८९७ कडे बोट दाखवावे लागेल. रुग्णालय एका निष्णात शल्यवैद्याच्या हातावर चालू शकते. तो आजारी पडला किंवा घरच्या आजारासाठी त्याला जावे लागले तर ते बंद पडते. शिकवून तयार केलेले दहा हात असले म्हणजे एकाला विश्रांती घेता येते. वॉनलेस १८२८ नव्हे, तर रेल्वे, आगबोट आणि तारायंत्र ह्यांच्या युगात, १९२८ साली निवृत्त होऊन अमेरिकेस गेले आणि १९३३ साली तेथे वारले. मिरजेचे रुग्णालय त्यांच्या पश्चात चालू राहिले. कोल्हापुरात १८५७ च्या सुमारास जे घडले ते मिरजेत घडले नाही, ह्याचे एक कारण हेच. ‘माझ्यावाचून येथे चालणार नाही’ असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्याने घरच्या माणसांवर तर अन्याय केलेला असतोच. पण आपल्या कार्यावरही केलेला असतो.

आज काळ पालटला आहे. पाटणच्या खोऱ्यातून गेलेला मुलगा मुंबईत नसून कदाचित आखातात किंवा अमेरिकेत असतो, आणि आईचा चेहरा त्याला हातातल्या फोनवर रोज दिसतो. हॉल ह्यांच्या काळी आजाराची बातमी पोहोचेपर्यंत रोगी बरा तरी झालेला असे किंवा गेलेला तरी असे. आज ती क्षणात पोहोचते. ह्यामुळे दुःख हलके झाले असे मात्र नाही. पूर्वी अज्ञानाचा आडपडदा होता. आता सारे दिसते आणि हात पोहोचत नाही. शिवाय त्या पडद्यावर सगळे खरेच सांगितले जाते असेही नाही. ‘मी बरी आहे, तू काळजी करू नकोस’ असे म्हणणाऱ्या आईच्या उशाशी औषधांच्या बाटल्या आहेत की काय, हे त्या छोट्या चौकटीत मावत नाही.

तेव्हा सेवेसाठी असो वा उपजीविकेसाठी, दूर जाणाऱ्याने निघण्यापूर्वीच काही गोष्टी घरात उघडपणे बोलून ठेवाव्यात. मागे कोण राहणार, आणि त्या राहणाऱ्याला विसावा कोण देणार? आजाराची बातमी खरी कळवावयाची की काळजी नको म्हणून लपवावयाची? कोणत्या प्रसंगी काम टाकून परत यावयाचे? आणि आपण परतलो तर हातचे काम कोणी पुढे चालवावयाचे? असे बोलणे आपल्याकडे अशुभ मानले जाते. पण न बोललेल्या गोष्टी आजार आला म्हणजे भांडणाच्या रूपाने बाहेर येतात, आणि त्या वेळी कोणाचेही मन थाऱ्यावर नसते.

ज्यांनी घर सोडून दूरवर कार्य केले त्यांची थोरवी ह्याने कमी होत नाही. फक्त ती एकट्याची नव्हती, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. समुद्रावर मुलगा गमावणारी मार्गारेट हॉल, मुलाला निरोप देणारे आजारी रॉयल वाइल्डर आणि आईला घेऊन इस्लामपूरला येणारी ग्रेस ह्या सर्वांनी त्या कार्याची किंमत मोजली. ज्याला दूर जावयाचे आहे त्याने ती किंमत कोण मोजणार हे आधी पाहावे, आणि शक्य असेल तेथवर त्या माणसाला विचारूनच पाऊल उचलावे.