गाडी तीच, विमा ज्याचा त्याचा



कासारवाडीत मोटारविम्यावर बोलायचे तर प्रस्तावनेची फारशी गरज नाही. एका बाजूला लोहमार्ग आणि जुना मुंबई-पुणे रस्ता, दुसरीकडे नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी, चाकणकडे जाणारी वाहतूक, आणि हाकेच्या अंतरावर सीआयआरटीसारखी रस्ते-वाहतुकीचा अभ्यास करणारी संस्था. पिंपरी, आकुर्डी, चाकण या पट्ट्यात मोटारी आणि दुचाकी तयार होतात, त्यांचे सुटे भाग तयार होतात, आणि ते बनवणारे हात इथेच राहतात. गिअरबॉक्समधल्या दाताला किती मायक्रॉनची सूट चालते हे सांगू शकणारा माणूसही गाडीच्या पॉलिसीवर मात्र शेवटचा आकडा पाहून सही करतो. मग पुढच्या वर्षी प्रश्न येतो, की सगळ्यांत स्वस्त विमा कोणत्या कंपनीचा? माझे म्हणणे असे आहे की, हा प्रश्न उलट्या टोकाने विचारला जातो. आधी स्वतःचा वापर ओळखावा, मग कोणती जोखीम आपल्याला पेलत नाही ते ठरवावे, आणि कंपनी सर्वांत शेवटी शोधावी. या क्रमाने गेले तर विमा स्वस्त पडतो. क्रम चुकला तर कमी हप्त्याची पॉलिसीसुद्धा महागात जाते.

पॉलिसीचे दोन भाग असतात आणि ते वेगळे न केल्यामुळेच निम्मा गोंधळ होतो. पहिला भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याचा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातली ही सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. १९८८ च्या कायद्यात ती कलम १४६ मध्ये आहे. याचे दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत खासगी मोटारीला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये असे टप्पे आहेत. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना १५ टक्के सवलत आहे. कंपनी कोणतीही असो, एजंट कितीही ओळखीचा असो, या भागात घासाघीस होत नाही. तेव्हा ‘आम्ही थर्ड पार्टी स्वस्तात देतो’ असे कोणी म्हणाले, तर कागद दोनदा तपासावा.

इथे पहिला आक्षेप येतो. ‘मी तीस-चाळीसच्या वेगाने चालवतो, आजवर ओरखडा नाही, मग सक्ती कशाला?’ उत्तर साध्या हिशेबात आहे. समजा, चाकणच्या कारखान्यात महिना २५,००० रुपयांवर काम करणारा तिशीचा कंत्राटी कामगार अपघातात गेला आणि मागे पत्नी व दोन मुले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत भरपाई मोजण्याची रीत घालून दिली आहे. वर्षाचे उत्पन्न तीन लाख. पुढे वाढले असते म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे, म्हणजे चार लाख वीस हजार. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा, उरले दोन लाख ऐंशी हजार. आणि त्या वयाचा गुणक १७. उत्तर येते ४७ लाख ६० हजार, आणि इतर लहान रकमा व व्याज त्यावर वेगळे. विमा असेल तर हे पैसे कंपनी देते, कारण मृत्यू व इजेच्या भरपाईला या भागात वरची मर्यादाच नाही. विमा नसेल तर वसुली गाडीमालकाच्या घरा-जमिनीवर येते. ३,४१६ रुपयांत ४७ लाखांची जबाबदारी उचलणारा दुसरा कोणता करार बाजारात आहे? कलम १९६ खालचा दोन हजारांचा दंड त्यापुढे किरकोळ आहे. तरीही देशातल्या निम्म्याच्या आसपास गाड्या विम्याविना धावतात, आणि त्यात दुचाकींचा वाटा मोठा आहे. अशा गाडीची धडक ज्याला बसते त्याच्या कुटुंबाच्या हाती निकाल येतो, पैसे येतातच असे नाही.

याच भागात काटकसरीचा एक फसवा मार्गही आहे. खासगी मोटारीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाख असते. जुन्या टॅरिफपासून एक सोय चालत आली आहे, की ही मर्यादा सहा हजारांवर आणली तर हप्त्यात शंभर रुपये सूट मिळते. नाशिक फाट्यावर पुढच्या महागड्या गाडीला मागून नुसती ठोकर बसली, तरी एका दिव्याच्या किमतीत सहा हजार संपतात. शंभर रुपयांसाठी सात लाख चव्वेचाळीस हजारांची जोखीम अंगावर घेण्याला काटकसर म्हणता येणार नाही.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. याचे दर २००७ पासून कंपन्यांना मोकळे झाले, म्हणून तुलना करायची ती इथे. एकाच गाडीला दोन कंपन्या बरेच वेगळे आकडे सांगतात. पण तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली वा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी रक्कम, दोन्हीकडे सारखी आहे ना हे पाहावे. हप्ता कमी दाखवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे आयडीव्ही खाली ओढणे. नवी गाडी घेताना शोरूममध्येच विमा घेतला पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. बाहेरचा भाव विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि नुसते विचारले तरी टेबलावरचा आकडा पुष्कळदा खाली येतो.

या भागातली खरी बचत मात्र नो क्लेम बोनसमध्ये आहे. क्लेम न टाकता वर्षे गेली की स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर २०, २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के सूट मिळते. एक क्लेम टाकला की ही शिडी पुन्हा तळापासून चढायची. एक उदाहरण घेऊ. मूळ हप्ता ८,००० रुपये, सोयीसाठी तो स्थिर धरू, आणि चौथे वर्ष चालू आहे. बंपर फुटला. बंपरची किंमत ४,०००, मजुरी १,०००. बंपर प्लास्टिकचा, म्हणून त्याच्यावर ५० टक्के घसारा; मिळाले दोन हजार. मजुरीचे एक हजार पूर्ण मिळाले, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची वजावट एक हजार गेली. हातात आले २,००० रुपये. आता दुसरी बाजू. क्लेम नसता तर पुढच्या पाच वर्षांत पहिल्या वर्षी ४,४०० आणि मग दरसाल ४,००० भरावे लागले असते. क्लेममुळे ते ८,०००, ६,४००, ६,०००, ५,२०० आणि ४,४०० झाले. फरक ९,६०० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी निराळा. दोन हजार घेण्यासाठी साडेनऊ हजारांवर पाणी सोडले. लहान नुकसान खिशातून भागवावे आणि विमा मोठ्या घावासाठी राखावा, हा माझ्या मांडणीचा गाभा इथे आकड्यांत दिसतो. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेताना कंपनीकडून त्याचे पत्र घेतले तर तो तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला लावता येतो. मात्र पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले की तो बुडाला.

आता वापराप्रमाणे पाहू. आपल्याकडे असे कितीतरी जण आहेत, जे कंपनीच्या बसने कामावर जातात आणि ज्यांची मोटार सोमवार ते शनिवार सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. अशांसाठी, जितके किलोमीटर चालवाल त्या टप्प्याप्रमाणे स्वतःच्या नुकसानीचा हप्ता, ही सोय विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये खुली केली. घरात एकाच मालकाची कार आणि दुचाकी असेल तर दोन्हींची एकत्र पॉलिसीही तेव्हापासून शक्य झाली. याउलट जो रोज मोशीमार्गे चाकणला ट्रक-कंटेनरच्या गर्दीतून जातो, त्याची गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर झीरो डेप, म्हणजे सुट्या भागांवरचा घसारा न कापणारी जोड, त्याच्या कामाची. नुकतेच लायसन्स मिळालेल्यालाही तीच उपयोगी. हप्ता कमी व्हावा म्हणून मोठी ऐच्छिक वजावट घेणे, म्हणजे नुकसानीचा मोठा वाटा स्वतः उचलणे, नवख्याला परवडणारे नाही. पवनेच्या काठालगत, पावसाळ्यात तळमजल्याचे पार्किंग भरते अशा ठिकाणी राहणाऱ्याने इंजिनाच्या नुकसानीची जोड घ्यावी, आणि पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला कदापि स्टार्टर मारू नये. त्याने बिघडलेले इंजिन साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही. बारा-पंधरा वर्षांच्या गाडीचा हिशेब निराळा आहे. तिचा धातूचा भागही निम्म्या किमतीने मोजला जातो आणि आयडीव्ही जेमतेम उरतो, म्हणून तिथे नुसती थर्ड पार्टी ठेवणे शहाणपणाचे.

सेकंड हँड गाडी घेणाऱ्याने एक मुदत डोक्यात ठेवावी. गाडी नावावर झाली की थर्ड पार्टीचे संरक्षण कायद्यानेच नव्या मालकाकडे येते, पण स्वतःच्या नुकसानीचे येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. जुन्या मालकाचा बोनस त्याच्याबरोबर जातो आणि तेवढा फरक भरावा लागतो. बाहेरून सीएनजी किट बसवले असेल तर आरसी बुक आणि पॉलिसी या दोन्हींवर त्याची नोंद हवी. या नोंदीला थोडे पैसे लागतात, पण आग लागल्यावर सर्व्हेअरची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

सगळ्यांत कठीण स्थिती भाड्याने गाडी चालवणाऱ्यांची आहे. २०२२ च्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या टॅक्सीला ७,९४० रुपये आणि शिवाय दर प्रवाशामागे ९७८ रुपये. चार प्रवाशांच्या गाडीला हे ११,८५२ होतात. तीच गाडी पांढऱ्या पाटीवर असती तर ३,४१६. हा मोह उघड आहे, आणि खासगी गाडीतून गुपचूप भाडी मारणारे आहेत. पण अपघाताच्या वेळी भाड्याचा वापर सिद्ध झाला की स्वतःच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जातो किंवा कापला जातो, आणि ज्या गाडीवर घर चालते तीच गॅरेजमध्ये अडकते. या वर्गाला दिलासा देणारी एक गोष्ट आहे. हलक्या मोटारीचे लायसन्स असलेला चालक साडेसात हजार किलोपर्यंतचे व्यावसायिक वाहन चालवू शकतो, असे घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. त्यामुळे लायसन्सवर निराळा शिक्का नाही, एवढ्याच कारणाने क्लेम फेटाळता येणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त मोलाचा आहे. ‘आपल्याकडे गाडी पाहून हप्ता ठरतो, माणूस पाहून नाही. मग सावध माणसाने बेफिकिराचा भार का उचलावा?’ आक्षेपात तथ्य आहे. पाश्चात्य देशांत वय, पत्ता, अपघातांचा इतिहास पाहून दर लावतात, आणि तिथे तरुण चालकाला जबर हप्ता पडतो. पण माणूस पाहण्यालाही सीमा लागतेच. युरोपीय न्यायालयाने २०११ मध्ये स्त्री-पुरुष भेदावर हप्ता ठरवण्याला मनाई केली, कारण ते स्त्री-पुरुषांना समान वागणूक देण्याच्या तत्त्वाशी विसंगत होते. आपल्याकडे बोनस ही चालकाच्या वागणुकीचीच नोंद आहे, फक्त ती उशिरा आणि ढोबळपणे होते. चालवण्याची पद्धत मोजणाऱ्या पॉलिसी रुजल्या तर ती नेमकी होईल. मात्र तेव्हा रात्रपाळी संपवून पहाटे परतणाऱ्या कामगाराला केवळ वेळेपायी जास्त हप्ता लागणार नाही, याकडे लक्ष ठेवावे लागेल.

तिसरा आक्षेप, ‘वेळेवर पैसे कुठे देतात?’ नाकारलेल्या क्लेमची कारणे पाहिली तर संपलेले लायसन्स, लपवलेला वापर, उशिरा दिलेली खबर यांतली बरीच आपल्या हातातली असतात. जिथे कंपनीची चूक असेल तिथे लेखी तक्रार करावी. महिन्यात उत्तर आले नाही वा पटले नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. त्याचे कार्यालय पुण्यात आहे, वकील लागत नाही, शुल्क नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. हे दार ठाऊक नसल्याने लोक पहिल्या नकारावरच गप्प बसतात.

तेव्हा श्रोतेहो, एक विनंती करतो. आज घरी गेल्यावर पॉलिसी काढा आणि पाच गोष्टी तपासा: मुदत कधी संपते, वापर खासगी लिहिला आहे की व्यावसायिक, आयडीव्ही किती, बोनस किती टक्के, आणि मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाख आहे की सहा हजार. पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण तुमच्याकडे आधीच असेल, तर ते इथे दुसऱ्यांदा विकत घेऊ नका. आणि काहीही कापायचे ठरवले तरी थर्ड पार्टीला हात लावू नका. तो हप्ता आपण रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी भरतो, आणि दुसऱ्याच्या गाडीपुढे तो अनोळखी माणूस आपणच असतो.