आजीची बरणी लाखाची? आधी तळ बघा!

हा भाग ऐकताना घरी असाल तर एक काम करा. स्वयंपाकघरात जा आणि लोणच्याची बरणी शोधा. तीच ती, वरून तपकिरी, खालून पांढरी, तोंडाला दादरा बांधलेली. सापडली की तिथेच थांबा, कारण आजचा विषय तीच आहे. लोणचं सांडू नका म्हणजे झालं.

विषय कुठून निघाला ते आधी सांगतो. मागच्या महिन्यात नांदुऱ्याच्या मावशीचा फोन आला. आवाज एकदम बारीक. म्हणाली, "तू येऊन जाय ना एक डाव. फोनवर नाही सांगता येत." मी खामगावला होतो, लगेच गेलो. मावशीनं आधी काका बाहेर गेल्याची खात्री करून घेतली आणि मग मोबाइल माझ्या हातात दिला.

झालं होतं असं. मावशीनं एक व्हिडिओ बघितला, 'जुनी बरणी द्या, लाखो रुपये घ्या'. खाली व्हॉट्सअपचा नंबर. तिनं तिच्या बरणीचा फोटो पाठवला. समोरच्यानं पाच मिनिटांत उत्तर दिलं, "ताई, तुमची बरणी अँटिक आहे, साडेचार लाख मिळतील." फक्त आधी नोंदणीचे २,४९९ रुपये भरा. मावशीनं भरले. मग जीएसटीचे म्हणून ६,००० मागितले, तेव्हा तिच्या पोटात गोळा आला आणि तिनं मला फोन केला.

मला म्हणाली, "तुले तं समजते हे समदं. पैशे गेले तं गेले. पण मले एवढंच सांग, बरणी खरंच जुनी हाय का नाही?"

खरं सांगतो, तेव्हा मलाही नीट सांगता आलं नाही. मग मी वाचलं, विचारलं, दोन-चार जुन्या सामानाच्या दुकानांत फिरलो आणि पुन्हा नांदुऱ्याला गेलो. तेच आज तुम्हाला सांगतोय.

लाखाची गोष्ट येते कुठून?

ही गोष्ट पूर्ण हवेतली नाही, म्हणूनच माणूस फसतो. अमेरिकेत आपल्या बरणीसारखीच जाड दगडी मातीची भांडी असतात. कोबीचं खारवण, लोणी, खारं मांस ठेवायला ती वापरायचे. त्यांना तिथे क्रॉक म्हणतात. अंगावर निळ्या रंगात पक्षी नाहीतर फुलं काढलेली असतात आणि किती गॅलनचं भांडं आहे तो आकडा असतो. ती जमवणारे हजारो लोक तिथे आहेत.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये असं एक भांडं लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेलं. ते १८५८ साली घडवलं होतं डेव्हिड ड्रेक नावाच्या कुंभारानं. हा माणूस साउथ कॅरोलायनात गुलाम होता. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं तिथे कायद्यानं गुन्हा होता, आणि हा पठ्ठ्या भांड्यांवर स्वतःचं नाव आणि तारीख कोरायचा. किंमत नुसत्या मातीची नव्हती, त्या नावाची होती. बाकीची साधी, बिननक्षीची अमेरिकी भांडी आजही फार महाग जात नाहीत.

हे लक्षात ठेवा. भांडं जुनं असणं आणि महाग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपली बरणी आली कुठून?

'मर्तबान' हा शब्द ऐकलाय? ब्रह्मदेशात मर्तबान नावाचं बंदर होतं, तिथून मोठमोठ्या रांजणांचा व्यापार चालायचा, त्यावरून हा शब्द आला. चौदाव्या शतकात इब्न बतूता या प्रवाशाला बोटीच्या प्रवासासाठी आलं, मिरी, लिंबू आणि आंबा खारवून भरलेले असे रांजण भेट मिळाले होते. म्हणजे लोणच्याची बरणी तेव्हापासून प्रवासात आहे!

आपल्या घरातल्या तपकिरी-पांढऱ्या बरण्या मात्र बऱ्याच अलीकडच्या. त्यातल्या पुष्कळ सौराष्ट्रातल्या थानगढ, मोरबी, वांकानेर या पट्ट्यातल्या, नाहीतर उत्तर प्रदेशातल्या खुर्जाच्या. दोन रंगांची ही पद्धत मूळ इंग्लंडची. कारखानदारीबरोबर ती इकडे आली आणि आपण तिला इतकं आपलं केलं, की आता ती आजीचीच वाटते.

चला, बरणी हातात घ्या

मी मावशीच्या ओट्यावर जे केलं तेच तुम्ही करा. बरणी रिकामी हवी, धुतलेली हवी आणि खाली जाड टॉवेल हवा.

पहिलं, माती ओळखा. बरणी उलटी करा. तळाच्या कडेला चकाकी नसते, तिथे खरी माती दिसते. त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. माठासारखा पटकन शोषला गेला तर माती कच्ची भाजलेली. थेंब तसाच बसून राहिला तर ती दगडी माती, जवळपास १,२०० अंश किंवा त्याहून जास्त तापमानाला भाजलेली. म्हणूनच आंबट-खारट लोणचं त्यातून झिरपत नाही. मावशीच्या बरणीवर थेंब बसून राहिला. मावशी खुश.

दुसरं, घडवली कशी ते बघा. आत हात घाला. बोटांना गोल गोल वळ्या लागल्या तर बरणी चाकावर हातानं ओढलेली असण्याची शक्यता मोठी. बाहेरून वरपासून खालपर्यंत उभी बारीक रेघ दिसली तर ती साच्यातली. मावशीच्या बरणीला उभी रेघ होती. "मंग काय झालं?" मावशी म्हणाली. मी म्हटलं, "काही नाही, पुढे बघू."

तिसरं, चकाकी. काही जुन्या भांड्यांचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत असतो. भट्टी पूर्ण तापली की त्यात चक्क मीठ टाकायचे. मिठाची वाफ मातीशी एकजीव होऊन काचेसारखा थर बनायचा. अमेरिकेतली बरीच जुनी क्रॉक अशीच मिठाची. आपली दोन रंगांची बरणी गुळगुळीत असते, कारण तिला पातळ लेपात बुडवून काढतात.

चौथं, शिक्का. तळाला किंवा खांद्यावर काही उमटलंय का? मोबाइलचा टॉर्च आडवा धरा, पुसट अक्षरंही दिसतात. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. 'मेड इन इंडिया' दिसलं म्हणजे बरणी १९४७ नंतरचीच, असं काही नाही. हे शब्द इंग्रजांच्या काळातल्या मालावरही असायचे. पण वजन-माप बघा. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत शेर जाऊन किलो-लिटर आले. मग बरणीवर किलो लिहिलं असेल, तर ती त्याच्या आधीची कशी असेल?

मावशीच्या बरणीच्या तळाला होतं 'मेड इन इंडिया' आणि त्याखाली '१० केजी'.

मावशी गप्प झाली. मग म्हणाली, "पण आमच्या सासूबाई तं म्हणत, इंग्रजाच्या टायमाची हाय." आता यात सासूबाई खोटं बोलल्या असं नाही. घरात आधी एक बरणी असेल, ती फुटली असेल, तिच्या जागी ही आली असेल. गोष्ट जुन्या बरणीची, ती नव्या बरणीला चिकटली. घराघरात असं होतं.

पाचवं, चीर. बरणी टॉवेलवर ठेवा आणि बोटाच्या पेरानं हलकंच टकटक करा. 'टण्' आवाज आला तर अंग धड आहे. 'बद्द' आला तर कुठेतरी केसासारखी चीर आहे. तोंडाचा टवका, तुटून चिकटवलेला कान, दुसऱ्याच बरणीचं झाकण, यातल्या प्रत्येकानं किंमत खाली येते. झाकणाचा रंग बरणीच्या पांढऱ्याशी जुळतो का, तेही बघा.

आणि मागच्या दारी...

निघताना हातपाय धुवायला मी मागे गेलो. तिथे एक बुटकी बरणी होती, तिच्यात कोरफड लावलेली. आत बोटांच्या वळ्या, अंग जरासं तिरकं, शिक्का नाही, आकडा नाही. मावशीनं तिचा फोटोसुद्धा पाठवला नव्हता, कारण एका बाजूला चीर होती. माझ्या अंदाजानं त्या घरातली जुनी बरणी तीच. सासूबाईंची गोष्ट बहुतेक हिचीच असावी. किती जुनी? शिक्का नसताना साल सांगणारा माणूस थापा मारतोय, असं खुशाल समजा.

मग किंमत किती?

दहा किलोच्या बरणीचे खामगावातल्या भंगारवाल्यानं मला दीडशे रुपये सांगितले. पुण्यातल्या एका दुकानात तशीच बरणी १,८०० ची चिठ्ठी लावून ठेवलेली होती. मी विचारलं, "कधीपासून आहे?" दुकानदार हसून म्हणाला, "दिवाळीपासून." म्हणजे चिठ्ठीवरची किंमत वेगळी आणि गिऱ्हाइकानं खरंच मोजलेले पैसे वेगळे. ऑनलाइनसुद्धा कोणी लाख मागतोय म्हणून लाख मिळत नाहीत. विकल्या गेलेल्या मालाचा भाव बघा, मागितलेला नको.

तीन गोष्टी, ध्यानात ठेवा

एक. विकत घेणारा माणूस तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून मागत नाही. नोंदणी, जीएसटी, कुरिअर, काहीही नाव देऊ दे. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावानं असाच धंदा चालतो. रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्याबद्दल लोकांना सावध केलं होतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरला फोन करा, जितका लवकर तितकं बरं. आम्ही मावशीची तक्रार नोंदवली, पण तिच्या लाजेपायी आठ दिवस उशीर झाला होता. पैसे अजून आलेले नाहीत.

दोन. वस्तू खरोखर शंभर वर्षांहून जुनी असेल, तर ती १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. 'परदेशातला गिऱ्हाईक आहे' म्हणणाऱ्याला हे विचारा.

तीन. कुठली, कधीची माहीत नाही अशी रंगीत, चित्रांची किंवा लेप उडालेली बरणी शोभेला ठेवा, लोणच्याला नको. काही जुन्या लेपांत शिसं असायचं आणि आंबट पदार्थात ते उतरू शकतं.

शेवटी मावशीचं सांगतो. काकांना तिनं सांगितलं, मी समोर होतो. काका थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "अवं, मले इचारलं असतं तं मीच दिले असते दोनशे त्या बरणीचे." मावशी हसली, पहिल्यांदाच. मृगाचा पाऊस पडला की १० केजीवाली बरणी पुन्हा भरणार आहे. कोरफड मात्र आता डालड्याच्या डब्यात गेलीय. बुटकी बरणी धुवून, पुसून समोरच्या खोलीत कपाटावर ठेवलीय.

तर मंडळी, तुमच्या बरणीच्या तळाचा फोटो काढून मला पाठवा. घाटावरचे असा की घाटाखालचे, सगळ्यांचे फोटो बघीन. आणि आजी घरात असेल तर बरणी कुठून आली ते तिला विचारा आणि तिचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!