आधी कागद, मग भिंत
(प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आम्ही दोघे भाऊ भिंतींवर चित्रे काढतो. शाळा, देऊळ, ग्रामपंचायत, कधी एखादे दुकान. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, सगळीकडे आमची शिडी फिरली आहे. तुम्हाला वाटेल, या रंगाऱ्यांचे आमच्या वर्गात काय काम? काम आहे. आम्हाला काम देणारे तुम्हीच. गावाचा पैसा भिंतीवर लागतो. तो कसा लागावा, हे काम देणाऱ्यालाही कळले पाहिजे.

हा धंदा आजचा नाही. आपल्या वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी ही वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी होती. तिथला राजा हरिषेण, आणि त्याचा प्रधान वराहदेव. अजिंठ्याचे सोळा नंबरचे लेणे या वराहदेवाने करवून घेतले. तसा लेख तिथे दगडात कोरलेला आहे. म्हणजे भिंत अजिंठ्याची, पण काम सांगणारा आपल्या वाशीमच्या दरबारचा!

आम्ही ती लेणी पाहायला गेलो, तेव्हा लोक चित्रे पाहत होते आणि आम्ही गिलावा पाहत होतो. धंद्याची खोड. दगडावर आधी मातीचा लेप. त्या मातीत भाताचा कोंडा, गवताचे तंतू. त्यावर चुन्याचा पातळ हात. मग गेरूने रेषा, आणि मग रंग. लाल-पिवळी माती, चुना, काजळी, हिरवी माती, हे सगळे साधे रंग. निळा मात्र एका मोलाच्या दगडाचा. तो दगड थेट अफगाणिस्तानाकडून येई. आता सांगा, एवढ्या लांबून रंग आणायचा तर आधी ठरवावे लागले असेल की नाही? निळा किती लागेल, कुठे लागेल, पैसा कोण देईल?

आणखी एक गोष्ट तिथे दिसते. काही लेणी अर्धवट आहेत. चोवीस नंबरचे लेणे तर फार मोठे धरले होते, ते तसेच राहिले. हरिषेण राजा गेला, राज्य विस्कटले, पैसा थांबला आणि छिन्नी थांबली, असे काही जाणकार म्हणतात. काम देणारा राजा असला तरी काम अडते. मग आपल्यासारख्यांचे काय?

आता आमची एक चूक सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

एका गावच्या शाळेने महाराष्ट्राचा नकाशा काढायला सांगितला. मे महिना होता. भिंत कोरडी ठणठणीत दिसत होती. शाळा उघडायच्या आत काम हवे होते. आम्हीही घाई केली. नकाशा छान झाला. पोरे बोट ठेवून गावे वाचू लागली. पुढे पोळ्याच्या सुमारास हेडमास्तरांचा निरोप आला, या आणि बघून जा. जाऊन पाहतो तो काय! भिंतीच्या उजव्या अंगाला छपराची पन्हाळ गळत होती. पावसाचे पाणी भिंतीत मुरले, रंगाला पोपडे आले, आणि विदर्भ गळून पडला. नागपूर गेले, अमरावती गेली, आपले वाशीमही गेले. मुंबई-पुणे तेवढे शाबूत!

हेडमास्तर रागावले नाहीत. पण पोरे आमच्याकडे पाहत होती. दिवाळीनंतर भिंत सुकली. पन्हाळ शाळेने दुरुस्त केली, आणि अर्धा नकाशा आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा काढला. पन्हाळ आमची नव्हती हे खरे. पण भिंत तपासणे आमचे काम होते.

तेव्हापासून आम्ही आधी भिंत पाहतो, चित्राचे मागून बोलतो. पांढरा लोणा फुटला आहे का? वर पन्हाळ, खाली मोरी आहे का? शंका आली तर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून भिंतीवर एक दिवस ठेवतो. आतून पाण्याचे थेंब धरले तर भिंत ओली. नवे प्लास्टर असेल तर निदान महिनाभर थांबतो. कुणी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात उद्घाटन आहे, कसेही करा," तर हात जोडतो. ते काम दुसरा कोणी घेतो, घेऊ द्या.

मग माप. ते तुम्हीही टेप धरून आमच्यासोबत घ्या. भिंत २० फूट लांब, १० फूट उंच. वीस दाहे दोनशे चौरस फूट. त्यात दार ४ फूट बाय ७ फूट, म्हणजे २८. खिडकी ४ बाय ३, म्हणजे १२. दोन्ही मिळून ४० वजा केले, राहिले १६०. हिशेबापुरता फुटाला ६० रुपये दर धरू. १६० चे ९,६०० होतात. दार-खिडकी वजा केली नाही तर २०० चे १२,००० होतात. फरक २,४०० रुपयांचा. दार-खिडकी धरायची की सोडायची, हे आधी बोलले नाही, की शेवटच्या दिवशी भांडण ठरलेले. रंग कुणाचा, परांची कुणाची, आमच्या माणसाची भाकरी कुणाकडे, हेही त्याच वेळी बोलावे.

नंतर चित्र कागदावर. कागदावरचा एक इंच म्हणजे भिंतीवरचा एक फूट. कागदावर चौकटी आखतो, आणि भिंतीवर गेरूत बुडवलेली दोरी ताणून तेवढ्याच चौकटी मारतो. एकेका चौकटीतले एकेका चौकटीत उतरवायचे. हा कागद आम्ही चार माणसांत दाखवतो. बायांनाही दाखवतो. त्यांना नेमके दिसते. एका गावात विहिरीचे चित्र पाहून एक काकू म्हणाल्या, "रहाट हाये, मंग दोर कुठी हाये?" दोर काढायचा राहिलाच होता.

सगळ्यांचे पटले की कागदावर सही. गेरूची रेषा असेपर्यंत बदल फुकट, कारण गेरू पुसता येतो. रंग भरल्यावर बदल सांगितला तर त्याची मजुरी वेगळी. हेही त्याच कागदावर लिहितो.

पूर्वी आम्ही लिहीत नव्हतो. लोक म्हणायचे, "भाऊ, कागद कायले पायजे? मानसाची जबान हाये ना!" आम्हालाही ते गोड वाटे. मग एका देवळाच्या कामात अर्ध्यातच कमिटीत दोन तट पडले. एका तटाला विठ्ठल-रुक्मिणी हवी, दुसऱ्याला गजानन महाराज. दोघेही म्हणत, आमच्यासमोर हेच ठरले होते. जबान दोघांचीही होती! बारा दिवसांचे काम महिनाभर चालले, आणि निम्मे पैसे आजवर आले नाहीत. आमच्या हाताखालच्या पोराची मजुरी आम्ही उसनवारी करून दिली. गावावर राग नाही. पण त्या रस्त्याने जाताना आम्ही अजून मान खाली घालून जातो, आणि तिथली माणसेही नजर चुकवतात.

पैशाचे तीन हिस्से करतो. ९,६०० असतील तर ३,२०० बयाणा, त्यात रंग येतो. निम्मे काम झाले की दुसरे ३,२००. उरलेले काम पाहून, तपासून. प्रत्येक वेळी पावती. ग्रामपंचायतीचे काम असेल तर आधी ठराव झाला का ते विचारतो. सरपंच कितीही भला असला तरी ठरावावाचून पैसा निघत नाही. वर्गणीचे काम असेल तर सोयाबीन विकून झाल्यावर धरतो. तेव्हा घरात चार पैसे असतात, पाऊसही गेलेला असतो.

एक राहिले. देणगीदारांची नावे.

एका देवळात आम्ही नावांची यादी रंगवली. यादी कुणीतरी घाईत लिहून दिली होती. एका आजीच्या नावातला काना त्यात नव्हता. आजीने दाणा-दाणा विकून पैसे दिले होते. ती रोज देवळात येई, त्या ओळीला हात लावून नमस्कार करी. तिला वाचता येत नव्हते. दोन वर्षांनी ती तुमच्यासारखीच साक्षरता वर्गात गेली. एक दिवस भिंतीपुढे उभी राहून तिने आपले नाव वाचले. पुन्हा वाचले. मग नातवाला आमच्याकडे पाठवले.

आम्ही बारीक ब्रश घेऊन गेलो. आजी मागे उभीच होती. काना दिला, तशी म्हणाली, "आता बरोबर हाये." आणि बोट ठेवून पहिल्यापासून वाचू लागली. रंग ओला होता. तिच्या बोटाला लागला, आणि आम्हाला तो काना पुन्हा काढावा लागला.